जुन्या मोटारींचा श्वासमार्ग

पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्रास पेट्रोलाहूनही अधिक गरज हवेची असते. वजनाने पाहता एक भाग पेट्रोल जळण्यास सुमारे १५ भाग हवा लागते. ज्या यंत्राकडून अधिक जोराची अपेक्षा, त्याच्या पोटात हवाही अधिक गेली पाहिजे. अमेरिकेत १९६४ च्या सुमारास मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरांचे मोठे यंत्र बसवून ती तरुण गिऱ्हाइकास विकण्याची जी टूम निघाली, तिच्या मुळाशी हेच तत्त्व होते. पाँटियाकची जी. टी. ओ. ही त्या टूमेची पहिली नामांकित गाडी होय. पुढे अशा गाड्यांस ‘मसल कार’, म्हणजे पिळदार स्नायूंची गाडी, असे नाव पडले.

आज या गाड्या शौकीन लोक मोठ्या किमतीस घेतात, आणि त्यांतील भाग मूळचे आहेत की मागाहून बसविलेले, यावर किंमत पुष्कळशी अवलंबून असते. बॉनेटवरील हवेचे तोंड, हवा गाळणारा एअर क्लीनर, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटर आणि ते मिश्रण प्रत्येक सिलिंडरास वाटून देणारा मॅनिफोल्ड, असा हा हवेचा मार्ग असतो. हे सारे भाग यंत्राच्या माथ्यावर असल्यामुळे सहज निघतात, आणि जोर वाढवू पाहणारा मालक प्रथम त्यांनाच हात घालीत असे. म्हणून खोटेपणाही येथेच अधिक आढळतो.

परीक्षेची पहिली पायरी इतिहासाची. १९६४ ते १९६६ या वर्षांत जी. टी. ओ. गाडीस तीन कार्बुरेटरांची ‘ट्राय-पॉवर’ नावाची योजना मागून घेता येत असे. १९६७ सालापासून जनरल मोटर्सने कॉर्व्हेटसारखे अपवाद वगळता आपल्या गाड्यांत एकाहून अधिक कार्बुरेटर बसविणे बंद केले. तेव्हा १९६७ च्या जी. टी. ओ. वर तीन कार्बुरेटर दिसले, तर ते कारखान्यात बसविलेले नव्हेत, हे उघड आहे. शिवाय १९६६ सालचा मधला कार्बुरेटर आधीच्या दोन वर्षांतल्याहून मोठा होता. दुरून तिन्ही वर्षांची मांडणी सारखी भासते, परंतु मधले तोंड मोजताच फरक कळतो.

दुसरी पायरी आकड्यांची. फोर्डच्या मॅनिफोल्डवर ‘सी ८ ओ ई – ९४२५’ असे ओतीव अक्षर असेल, तर ‘सी’ म्हणजे १९६० चे दशक, ‘८’ म्हणजे त्यातील आठवे वर्ष, ‘ओ’ म्हणजे फेअरलेन-टोरिनो जातीची गाडी, ‘ई’ म्हणजे यंत्रविभाग आणि ९४२५ हा मॅनिफोल्डचा मूळ क्रमांक. मात्र हे वर्ष आराखड्याचे आहे, ओतकामाचे नव्हे. ४२८ कोब्रा जेट यंत्राचा याच क्रमांकाचा मॅनिफोल्ड १९६९ च्या मस्टँगवरही योग्यच असतो. रॉचेस्टर कंपनीच्या चार नळ्यांच्या कार्बुरेटरवर क्रमांकाचा आरंभ ७०२९ असल्यास तो १९६९ सालचा समजावा.

तिसरी पायरी तारखेची. शेव्हरोलेच्या ओतीव भागांवर महिना अक्षराने दर्शविलेला असतो. ‘सी १५ ९’ म्हणजे नवव्या वर्षातील मार्चची १५ तारीख. दशक कोणते, हे क्रमांकावरून ठरवावे लागते. भाग आधी ओतला जातो, मग यंत्र जुळविले जाते आणि शेवटी गाडी तयार होते. मॅनिफोल्डची तारीख गाडीच्या नंतरची निघाली, तर तो मूळचा असणे शक्य नाही.

चौथी पायरी रचनेची. १९६९ ची कॅमॅरो आणि १९७० ची शेव्हेल या दोहोंच्या बॉनेटवर काचेच्या पायथ्याजवळून हवा घेणारी झडप मिळत असे. पण कॅमॅरोची झडप विजेने उघडे, तर शेव्हेलची यंत्रातील हवेच्या ओढीने. तसेच शेव्हरोलेच्या मोठ्या यंत्रांत काहींची हवेची छिद्रे लंबगोल, तर काहींची चौकोनी असत. एकाचा मॅनिफोल्ड दुसऱ्यावर बसविल्यास सांध्याशी पायरी राहून प्रवाह अडतो. येथे चुकीची किंमत पैशांतच नव्हे, तर यंत्राच्या जोरातही मोजावी लागते.

हुबेहूब नवे भाग आज सर्रास तयार होतात, आणि ते वापरण्यात कमीपणा नाही. मूळ भाग नष्ट झाला असेल, तर गाडी चालती ठेवण्याचा तोच सरळ मार्ग होय. परंतु जुना आकडा घासून त्या जागी नवा ठोकणे, ही फसवणूक आहे. म्हणून घेणाऱ्याने एका आकड्यावर विसंबू नये. इतिहास, क्रमांक, तारीख आणि रचना या चारही गोष्टींचा मेळ पाहावा. आणि विकणाऱ्याने बदललेला भाग बदललेला म्हणूनच सांगावा. असे झाले तरच त्या काळाची गाडी पुढील पिढीच्या हाती खरी माहिती घेऊन पोहोचेल.