मुका मार म्हणून सोडू नका!

"डॉक्टर, रक्ताचा थेंबही आला नाही, मग डोक्याचा फोटो कशाला?" गाडीवरून पडलेल्या मुलाला घेऊन आलेले वडील मला हा प्रश्न हमखास विचारतात. वाचकहो, डोक्याच्या माराची खरी मेख इथेच आहे. बाहेरचे रक्त टाके घालून थांबवता येते. कवटीच्या आतला रक्तस्राव मात्र कोणाला दिसत नाही.

कवटी म्हणजे चहूबाजूंनी बंद असलेली हाडाची पेटी. कानशिलापाशी हे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रक्तवाहिनी जाते. हाड तडकले की ती फाटू शकते. रक्त साठू लागते, तरी सुरुवातीला माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, चहाही पितो. मग आतली जागा संपते, मेंदू दाबला जातो आणि तो कोसळतो. मार्च २००९ मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात बर्फावर स्कीइंग शिकताना पडल्या. सुरुवातीला त्यांनी वैद्यकीय मदत नाकारली. काही तासांत प्रकृती ढासळली आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

रुग्ण किती शुद्धीवर आहे हे ठरवण्यासाठी टीसडेल व जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली ग्लासगो येथे एक मोजपट्टी तयार केली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ व हालचालीला ६, असे एकूण १५ गुण. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे मार गंभीर. गुण उतरू लागले की आम्ही सावध होतो. सीटी स्कॅनमध्ये साठलेले रक्त दिसते व वेळीच शस्त्रक्रिया करता येते. रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध तीन तासांच्या आत दिल्यास सौम्य व मध्यम माराच्या रुग्णांना फायदा होतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. म्हणूनच वेळ दवडू नये.

घरी काय पाहावे? मार लागल्यावर क्षणभर जरी शुद्ध हरपली, पुन:पुन्हा उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, झोपेतून उठवणे जड जाऊ लागले, रुग्ण असंबद्ध बोलू लागला, झटका आला, हातपाय लुळा पडला किंवा नाका-कानातून पाणी वा रक्त आले, तर तडक रुग्णालय गाठावे. पहिले २४ तास रुग्णाला एकटे ठेवू नये. वृद्धांच्या व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत मार किरकोळ वाटला तरी तपासणी हवीच.

बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाते. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. मान न हलवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. आणि हेल्मेट हँडलला अडकवून ठेवण्याऐवजी डोक्यावर घाला, त्याचा पट्टाही लावा. "जवळच तर जायचंय," असे म्हणून निघालेले कितीतरी रुग्ण मी तपासले आहेत.