नट सुटेपर्यंत

धार आणि देवास म्हटलं की मराठी माणसाला पवारांची संस्थानं आठवतात, होड्या आठवत नाहीत. पण दोन्ही जिल्ह्यांच्या दक्षिणेला नर्मदा आहे. देवासकडे नेमावर, धारकडे धरमपुरी. परिक्रमा केलेल्यांच्या पायाखालून गेलेले हे दोन्ही घाट. धरमपुरीसमोर नदीतल्या बेटावर बिल्वामृतेश्वराचं देऊळ आहे. २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि धार जिल्ह्यातलं निसरपूर, चिखलदा पाण्याखाली गेलं. तेव्हापासून या पट्ट्यात काही जणांना स्वतःच्या शेतात जायलाही होडी लागते. म्हणजे तिचं इंजिन आणि पंखा धड असणं ही रोजच्या पोटापाण्याची गोष्ट झाली.

पावसाळ्याआधी होड्या काठावर ओढतात. धरमपुरीला अशीच एक पत्र्याची होडी कलती करून ठेवली होती. पंख्याचा नट जाम होता. मिस्त्री देवासचे, जुन्या मराठी घरातले, हयात फिटरकीत गेलेली. होडीवाल्या पोराने पान्यात पाइप घालून जोर लावायची तयारी केली होती. मिस्त्रींनी पाइप काढून बाजूला ठेवला. “आधी बघू तर दे,” एवढंच म्हणाले.

बघणं म्हणजे तारेच्या ब्रशने घासणं. गाळ निघाला, मग लाल पापुद्रे, मग शाफ्टच्या टोकाला दोन-तीन आटे दिसले. आटे कुठल्या बाजूचे आहेत हे त्यांनी बोट फिरवून पाहिलं. गंजलेली स्प्लिट पिन छन्नीने तोडून काढली. मग डिझेलमध्ये थोडं ऑइल मिसळून ते थेंबाथेंबाने आट्यांवर सोडलं आणि लगेच ठोकायला बसले. नटाच्या एका अंगाला जड हातोडा टेकवायचा, समोरच्या अंगावर हलक्या हातोडीने मारायचं, मग पुढचा पैलू. हे ठोकणं नट फिरवण्यासाठी नसतं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांमधली फट भरून जाते आणि तेलाला वाटच उरत नाही. ठोक्याने तो गंज तडकतो आणि तेल आत शिरतं. कान दिला तर फरक ऐकूही येतो. सुरुवातीचा आवाज बद्द होता, नंतर त्यात थोडी खणखण आली. रात्रभर तसंच ठेवा म्हणाले.

सकाळी सहा कोनांचा रिंग पाना आला. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे लगेच गोल करतो. कोपरे गेले की पुढे छन्नीशिवाय गत नाही. मिस्त्रींनी पाना आधी आवळायच्या दिशेने किंचित दाबला, मग उलटा. नट हलला नाही.

मग गॅसची ज्योत. पण त्याआधी तेल चिंधीने पुसून कोरडं केलं, डिझेलचा डबा लांब नेला, शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या ग्लँडच्या दोरीला आच लागू नये म्हणून शाफ्टवर ओलं पोतं गुंडाळलं. ज्योत फक्त नटावर, गोल फिरती. ३० मिलिमीटरचा पोलादी नट आतल्या शाफ्टपेक्षा २०० अंशांनी जास्त तापला, तर त्याचं भोक मिलिमीटरच्या सात शतांशाने वाढतं, म्हणजे केसाच्या जाडीएवढं. तेवढं पुरतं. पण सावकाश तापवलं तर शाफ्टही तापून फुगतो आणि मेहनत फुकट जाते. पाना लावला, कट्ट असा आवाज आला. पोरगं ओरडलंच. मिस्त्री मात्र थांबले. नट पाव फेरा उलटा, थोडा परत पुढे, आट्यांतून लाल भुकटी बाहेर, निवल्यावर पुन्हा तेल. सुटलेला नट घाईने फिरवला तर भुकटी आट्यांत अडकते आणि तो पुन्हा जाम होतो, या वेळी आटे घेऊनच. मला या साऱ्या कामात हेच थांबणं सगळ्यात कसबाचं वाटलं.

पंखा शाफ्टच्या निमुळत्या भागावर घट्ट बसलेला होता. त्याला पुलर लावून ताण दिला आणि बोटभर लाकूड मध्ये धरून एक ठोका दिला. निघाला.

गंजाला सहजी दाद न देणारं लोखंडही याच जिल्ह्यात आहे. धार शहरात लाट मशिदीजवळ परमारांच्या काळातला लोहस्तंभ तीन तुकड्यांत पडला आहे, एकूण लांबी सुमारे १३ मीटर. फॉस्फरस जास्त असलेलं ते घडीव लोखंड शतकानुशतकं उघड्यावर टिकलं. बाजारातल्या नटबोल्टाला ते जमत नाही. त्याला गंजायला गोडं पाणीही पुरतं. कोकणात खाऱ्या पाण्यात तर हे कितीतरी लवकर होतं.

मिस्त्रींनी आटे घासून चकचकीत केले, ग्रीसने भरले, पंखा शाफ्टवर धरून ठेवणारी चावी तपासली, नट बसवून नवी स्प्लिट पिन घातली. ज्यांच्याकडे होडी, शेतपंप किंवा ट्रॅक्टर आहे त्यांनी गरज नसतानाही दरवर्षी मृगाआधी असे नट एकदा सोडवावेत, ग्रीस लावून परत आवळावेत. ग्रीसचा डबा नव्या शाफ्टपेक्षा फार स्वस्त पडतो.