अपंगविषयक भेदभाव

अपंगविषयक भेदभाव : शारीरिक, मानसिक किंवा ज्ञानेंद्रियांच्या वैगुण्यामुळे व्यक्तीस कमी योग्यतेची मानून तिला हक्क, संधी वा प्रतिष्ठा नाकारणे. जाती, लिंग व वंश यांवर आधारलेल्या भेदभावाशी याचे निकटचे नाते आहे.

हिंदू धर्मशास्त्रातील दायविभाग हे याचे बोलके उदाहरण होय. मनुस्मृतीत वारसाहक्क नसलेल्या ‘अनंश’ व्यक्तींच्या यादीत जन्मांध, बधिर, मूक व उन्मत्त यांच्याबरोबरच पतित, म्हणजे जातिभ्रष्ट, यांचाही समावेश आहे. त्यांना केवळ पोटगी मिळे. जातिभ्रष्टतेमुळे वा धर्मांतरामुळे होणारी हक्कहानी १८५० च्या अधिनियमाने रद्द झाली. अपंगांना मात्र त्यासाठी १९२८ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या अधिनियमातही जन्मतः वेडसर वा जडबुद्धी असलेल्यांना वगळले होते. हा अपवाद हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने (१९५६) नाहीसा केला. याच अधिनियमाने हिंदू स्त्रीची मालमत्तेवरील मर्यादित मालकी पूर्ण केली.

पाश्चात्त्य देशांत इतर गटांना हीन ठरविण्यासाठी वैगुण्याची कल्पना वापरली गेली. गुलामांची पळून जाण्याची प्रवृत्ती हा एक मनोविकार आहे, असे सॅम्युएल कार्टराइट या अमेरिकन वैद्याने १८५१ मध्ये प्रतिपादिले. उच्च शिक्षण स्त्रियांच्या प्रकृतीस अपायकारक असल्याचे मत १८७३ मध्ये एडवर्ड क्लार्क याने मांडले. अशा आरोपांना ‘आम्ही सदोष नाही’ असे उत्तर देणे स्वाभाविक होते. परंतु त्यामुळे सदोष व्यक्तीस हक्क नाकारणे योग्य आहे, हे मूळ गृहीतक अबाधित राहिले. त्याचे भीषण पर्यवसान नाझी जर्मनीत दिसते. तेथे १९३३ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला आणि १९४०-४१ मध्ये सु. ७०,००० अपंग व मनोरुग्णांना विषारी वायूने मारण्यात आले. हेच तंत्र आणि यातील अनेक कर्मचारी पुढे ज्यूंच्या संहारासाठी वापरले गेले.

या भेदभावाचे वेगळेपणही ध्यानात घेतले पाहिजे. अपंगत्व कोणासही, कोणत्याही वयात येऊ शकते. तसेच केवळ समान वागणूक येथे पुरेशी नसते. सर्वांना खुल्या असलेल्या इमारतीस फक्त पायऱ्याच असतील, तर चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीस ती बंदच असते.

भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांचा उल्लेख आहे, अपंगत्वाचा नाही. ही उणीव दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने (२०१६) बऱ्याच अंशी भरून काढली. अपंग स्त्रियांवरील बहुविध भेदभावाची दखल संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात घेतली आहे. दलित अपंग स्त्रीच्या वाट्यास येणारा अन्याय तीन स्वतंत्र अन्यायांची बेरीज नसतो. ते एकमेकांस बळकट करतात. म्हणून त्यांचा विचारही एकत्रितपणेच करावा लागतो.