मोडीचे वळण आणि छापखान्याचा खिळा

मोडीचे सौंदर्य तिच्या सुट्या अक्षरात नसून अक्षराला अक्षर जोडणाऱ्या हाताच्या गतीत आहे. लिहिणारा प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढतो आणि मग लेखणी शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जातो. ही लिपी इकार-उकारांतील ऱ्हस्वदीर्घभेद सहसा पाळीत नाही. पुढे येणाऱ्या स्वरचिन्हानुसार व्यंजनाचे रूपही पालटते. चिटणिशी, बिवलकरी, रानडी ही नावे निरनिराळ्या लिपींची नसून एकाच लिपीच्या वळणांची आहेत. अशा लिपीचा खिळा पाडता येतो काय?

विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांत छापले गेले. परंतु व्यवहारातील मराठी मोडीतच चाले. म्हणून, पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने सिद्ध झालेल्या १८१०च्या कोशातील मराठी शब्द मोडी खिळ्यांत छापण्यात आले. हा प्रयत्न धाडसाचा खरा. पण येथे एक मूलभूत अडचण होती. धातूच्या खिळ्याला चार कडा असतात, आणि प्रत्येक कडेशी रेषा तुटते. अक्षराची आकृती टिकली, तरी वळणाचा ओघ हरपतो. बाळबोध अक्षर मुळातच सुटे लिहिले जाते. त्यामुळे ते खिळ्यात सहज बसले. मोडीला शिळाछापच अधिक मानवली, कारण शिळेवर हाताचे लेखन जसेच्या तसे उमटते.

ही अडचण केवळ मोडीची नव्हे. रोमन लिपीतील जोडअक्षरी, समारंभी वळणांनाही धातूच्या कडा जाचल्या. मॅथ्यू कार्टर यांनी चार्ल्स स्नेल या जुन्या लेखनगुरूच्या हातावरून ‘स्नेल राउंडहँड’ हा टंक घडविला, तो १९६०च्या दशकात, अक्षरजुळणी प्रकाशचित्रणाने होऊ लागल्यावर. धातूची कड गेली आणि रेषा सांधली.

मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली. अक्षराचे रूप शेजारच्या अक्षरानुसार पालटणे संगणकाला आता सहज जमते. तेव्हा निमंत्रणपत्रिका, मानपत्रे, ग्रंथांची शीर्षपृष्ठे यांसाठी डौलदार मोडी टंक घडविणे तंत्रदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. खरा प्रश्न आदर्शाचा आहे. बाळबोध अक्षराला मोडीचा बाक देऊन केलेली नक्षी शोभेची असेल. तिला मोडी म्हणता येणार नाही. तंजावरच्या सरस्वती महालापासून पुण्याच्या पेशवे दफ्तरापर्यंत मोडी कागदांचा मोठा साठा वाचकांची वाट पाहत आहे. एखादे निश्चित वळण प्रमाण मानून टंक घडविला, तर पत्रिका वाचणाऱ्याचा डोळा नकळत दफ्तर वाचण्यासही तयार होईल. ज्या टंकाची ओळख दफ्तराच्या दारापर्यंत पोचवीत नाही, त्याचा डौल लिपीच्या उपयोगी पडला असे म्हणता येणार नाही.