तापात पिकणारा रंग

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजसमोर जुनी टाटा १२१० बॉनेट उघडून उभी होती. इंजिनाच्या कुशीतल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून बोट फिरवलं, तर तांबूस-तपकिरी पापुद्रे निघून आले. मालकाने दोन वर्षांपूर्वी त्यावर साधा सिल्व्हर ऑइल पेंट मारला होता. पहिल्याच घाटात रंग धुरकटला, करपला आणि आठवड्याभरात गळून गेला.

तो गळणारच होता. ऑइल पेंटला धरून ठेवणारा चिकट भाग कार्बनच्या साखळ्यांचा बनलेला असतो आणि अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तो जळू लागतो. भरलेला डिझेल ट्रक घाट चढतो, तेव्हा सिलिंडरमधून मॅनिफोल्डमध्ये येणारा धूर पाचशे-सहाशे अंशांवर गेलेला असतो. गाडी थांबली की मॅनिफोल्डचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होतं, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो पापुद्रा होऊन सुटतो आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा उघडं पडतं.

इथे कामाला येतो तो सिलिकॉन रेझिनचा रंग. त्याचा कणा कार्बनचा नसतो, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा असतो. वाळू आणि काचेतही हीच जोडी असते आणि तिचा बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा बळकट असतो. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती पुढची. तापमान वाढत गेलं की या रेझिनला लटकलेले कार्बनचे गट जळून जातात, पण कणा राहतो. त्याच्या साखळ्या एकमेकांत गुंफून सिलिकाचं जाळं बनतं आणि ते रंगातल्या ॲल्युमिनियमच्या चकत्यांना घट्ट धरून ठेवतं. ज्या आगीने ऑइल पेंट संपतो, तीच आग या रंगाला पक्कं करते.

पण खरी मेहनत रंगाच्या आधीची. बिडात ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या असतात आणि वर्षानुवर्षांचं तेल त्यांच्या फटींत मुरलेलं असतं. वरून थिनरने पुसलं तरी आतलं तेल तसंच राहतं आणि पहिल्या तापात बाहेर येऊन रंगाला फोड आणतं. म्हणून मॅनिफोल्ड आधी तापवून तेल जाळून टाकायचं, मग ब्लास्टिंग, म्हणजे कणांचा जोरदार मारा, करायचं. ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरू नये, असं मी आग्रहाने सांगेन. तिच्या धुळीने फुप्फुसांना सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा चुरा मिळतो, तो वापरावा. गॅस्केट बसते त्या कडा मात्र झाकायच्या, तिथे ब्लास्टिंगही नको आणि रंगही नको.

रंगाचा हात पातळच हवा. ६० सेंटीमीटर लांबीचं बीड पाचशे अंशांनी तापलं, तर तीन मिलिमीटरहून जास्त वाढतं. जाड थराला ती ओढ झेपत नाही, तो तडकतो. पातळ थर बिडाबरोबर हलतो.

रंग लावून तासाभराने मॅनिफोल्ड कोरडा दिसत होता. मी हात पुढे केला तर गॅरेजचे मिस्त्री म्हणाले, ‘‘अजून कच्चा हाय, नख लावू नका.’’ डिझेल इंजिन नुसतं आयडलला ठेवून मॅनिफोल्ड दोनशे अंशांपर्यंत सहसा पोचत नाही, आणि हा रंग पिकायला साधारण तेवढा ताप लागतो. म्हणून मिस्त्रींनी मॅनिफोल्ड शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याच्या ओव्हनमध्ये दिला. आधी मंद आच, मग दोनशे अंशांवर तासभर.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा राखाडी, मंद चमकणारा होता. मिस्त्रींनी कोपऱ्यात नख घासून पाहिलं. ओरखडा उठला नाही. मग त्यांनी नवी गॅस्केट लावली आणि मधल्या स्टडपासून बाहेरच्या बाजूला एकेक नट आवळत गेले.