रंग बदलला, बटणं तीच!

दुकानातल्या कॅल्क्युलेटरला 12 गुणिले 12 विचारा. 144 सांगून तो गप्प बसेल. पण काही कॅल्क्युलेटर चक्क आलेख काढून दाखवतात! असा पहिला कॅल्क्युलेटर 1985 मध्ये कॅसिओ कंपनीनं विकायला आणला. नाव एफएक्स-7000जी. पडदा केवढा? 96 ठिपके रुंद आणि 64 ठिपके उंच. बस्स!

गंमत म्हणजे या यंत्राला वक्ररेषा काढताच येत नाही. समजा, एक्सच्या वर्गाचा आलेख हवाय. ते डावीकडून सुरुवात करतं. इथे एक्स किती? त्याचा वर्ग किती? मग तेवढ्या उंचीवर एक ठिपका. मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. अगदी ठिपक्यांच्या रांगोळीसारखं! ठिपके मोजकेच, म्हणून गोलाईच्या जागी पायऱ्या दिसायच्या. आणि यंत्राचा वेग इतका कमी, की आलेख सरकत सरकत पुढे जाताना दिसायचा. (मला विचाराल तर खरी मजा त्यातच होती.)

अमेरिकेतल्या शाळांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे कॅल्क्युलेटर फार चालतात. त्यांच्या 2004 च्या टीआय-84 प्लसवरही तेवढेच 6,144 ठिपके होते. 2015 चा टीआय-84 प्लस सीई आला आणि ठिपके झाले 76,800, तेही रंगीत! आता तीन आलेख एकमेकांत गुंतले तरी लाल कुठला आणि निळा कुठला, ते लगेच कळतं. मात्र त्याची बॅटरी चार्ज करावी लागते. जुन्याला चार बारीक सेल लागायचे. परीक्षेच्या आदल्या रात्री ते संपले, तरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे. इथे माझं मत जुन्यालाच!

आता बटणं बघा. 1990 च्या टीआय-81 वर पडद्याखाली पाच बटणं होती: ‘वाय बरोबर’, ‘रेंज’, ‘झूम’, ‘ट्रेस’, ‘ग्राफ’. सीईवरही तीच पाच, त्याच क्रमानं! फक्त ‘रेंज’चं झालं ‘विंडो’. जुनं यंत्र शिकवलेल्या बाईंना नव्यावर काही शोधत बसावं लागत नाही.

बटणांवरून एकदा पंचाईतही झाली. 1995 च्या टीआय-92 ला संगणकासारखा अक्षरांचा कीबोर्ड होता. अमेरिकेच्या एसएटी परीक्षेत तसा कीबोर्ड चालत नाही, म्हणून हा हुशार गडी बाहेरच राहिला. मग 1998 मध्ये टीआय-89 आला. हुशारी जवळपास तेवढीच, फक्त तो कीबोर्ड गायब. त्याला मात्र आत घेतलं!