दोन सिमांच्या फोनची कैफियत

मोबाइल फोन बनविणारा आणि मोबाइलचे जाळे चालविणारा यांचा व्यवहार अमेरिकेत दीर्घकाळ एकाच दुकानात होत असे. ग्राहक दोन वर्षांचा करार करी, जाळ्याची कंपनी त्याला सवलतीत फोन देई, आणि कोणता फोन खपावा व कोणता पडून राहावा याचा निवाडा निर्मात्याच्या कौशल्याइतकाच त्या कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राही. भारतात ही रीत रुजली नाही. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपये भरून घेऊन आपल्याच जाळ्याला जखडलेला फोन देण्याचा प्रयोग केला खरा; परंतु फोन रोखीने विकत घ्यावा, सिम निराळे घ्यावे आणि दोहोंपैकी कोणाचेही मिंधे राहू नये, हाच येथील शिरस्ता ठरला. या शिरस्त्याच्या आश्रयाने वाढलेली आणि तो पालटताच कोसळलेली कंपनी म्हणजे गुरगावची मायक्रोमॅक्स. तिचा उत्कर्ष आणि अपकर्ष भोपाळसारख्या शहरातून पाहिला असता अधिक स्पष्ट दिसतो.

दूरसंचाराच्या परवान्यांच्या हिशेबी मध्य प्रदेश व छत्तीसगड हे एकच सर्कल असून, २००० साली राज्ये विभक्त झाली तरी ही हद्द अबाधित राहिली. ज्या प्रांतात २००३ च्या निवडणुकीत बिजली, सडक आणि पानी या तीन शब्दांनी सरकार उलथून टाकले, त्या प्रांतातील बेरसियाच्या किंवा सीहोरच्या शेतकऱ्याला फोनची पहिली अडचण कोणती वाटत असेल, हे सांगण्यास अर्थशास्त्री नको. मायक्रोमॅक्सच्या चालकांना ती अडचण बंगालमध्ये दिसली. बहरामपूरजवळ एक गृहस्थ ट्रकच्या बॅटरीवर सार्वजनिक टेलिफोन चालवी आणि रोज रात्री ती बॅटरी चार्ज करण्यासाठी दूरवर वाहून नेई, असे कंपनीचे एक संस्थापक राहुल शर्मा यांनी अनेकदा सांगितले आहे. या निरीक्षणातून २००८ साली एक्स१आय हा फोन निघाला. एकदा चार्ज केला की तो महिनाभर जागा राहतो, असा त्याचा दावा होता.

दुसरी अडचण सिमची होती. भोपाळात सरकारी नोकरीच्या, ‘भेल’ या सरकारी कारखान्याच्या अथवा व्यापाराच्या निमित्ताने वसलेल्या मराठी कुटुंबाचे माहेर-सासर नागपूरकडे असले, तर सर्कलची हद्द ओलांडताच रोमिंगचा आकार सुरू होई. कंपनी बदलावी तर क्रमांक गमवावा लागे, कारण क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली ती जानेवारी २०११ मध्ये. अशा ग्राहकाच्या हाती मायक्रोमॅक्सने स्वस्तात दोन सिमांचा फोन दिला. एक सिम भोपाळचे, दुसरे नागपूरचे. एक बोलण्यासाठी, दुसरे ज्याचे रिचार्ज त्या महिन्यात स्वस्त असेल त्याचे. जाळ्याच्या मालकांपासून ग्राहकाला किंचित मोकळे करणे, हेच या कंपनीचे खरे भांडवल होते.

ते भांडवल झपाट्याने वाढले. कॅनव्हास मालिकेचे मोठ्या पडद्याचे फोन निघाले, ह्यू जॅकमन या हॉलीवुडच्या नटाला जाहिरातीत आणले गेले, आणि २०१४ च्या अखेरच्या तिमाहीत कॅनालिस या संस्थेच्या गणनेनुसार २२ टक्के वाटा मिळवून मायक्रोमॅक्सने स्मार्टफोनांत सॅमसंगला मागे टाकले. सॅमसंगने हा आकडा मानला नाही; तथापि भोपाळच्या न्यू मार्केटमधील दुकानदाराला आकड्यांच्या वादाशी कर्तव्य नव्हते, त्याच्या दर्शनी कपाटात देशी नाव मांडले गेले होते. मात्र फोनांची रचना बव्हंशी चिनी कारखान्यांतून येत असे. त्याच वर्षी शाओमी ही चिनी कंपनी स्वतःच भारतात उतरली, तेव्हा मध्यस्थाची गरज काय, हा प्रश्न बाजाराने विचारलाच.

प्राणघातक आघात मात्र जाळ्याच्या बाजूने झाला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. तिला २जी किंवा ३जी असे जुने जाळे मुळीच नव्हते, त्यामुळे साधे बोलणेही ४जीच्या मार्गानेच, म्हणजे व्होल्टीने, होई. ज्या फोनात ही सोय नाही तो या जाळ्यात केवळ मुका. आणि मायक्रोमॅक्सच्या गोदामांत साठा होता तो मुख्यतः ३जी फोनांचा. पुढे दोनच महिन्यांत नोटाबंदी आली आणि खेड्यापाड्यांतील रोखीची खरेदी थंडावली. २०१७ मध्ये जिओने १५०० रुपयांच्या परतफेडीच्या अनामतीवर स्वतःचा फोन देऊ केला, तेव्हा सिम आणि संच यांची फारकत करणारा जुना शिरस्ताच मोडीत निघाला.

मग ज्या कंपनीने ग्राहकाला मोकळे केले, तिलाच जाळेवाल्यांच्या दारी दरखास्त घेऊन जावे लागले. ऑक्टोबर २०१७ मध्ये बीएसएनएलच्या सहकार्याने २२०० रुपयांचा भारत-१ आणि महिना ९७ रुपयांची अमर्याद योजना जाहीर झाली. परंतु फोन ४जीचा आणि बीएसएनएलपाशी ४जी जवळजवळ नाहीच, अशी ती विचित्र सोयरीक होती. व्होडाफोनबरोबरचा भारत-२ अल्ट्रा ९९९ रुपयांचा म्हणून गाजला. प्रत्यक्षात ग्राहकाने २८९९ रुपये आधी मोजावे, ३६ महिने दरमहा किमान १५० रुपयांचे रिचार्ज करावे, आणि १९०० रुपये दोन हप्त्यांत परत घ्यावेत, असा तो करार होता. ज्या ग्राहकाला दर महिन्याला सिम बदलण्याची सवय याच कंपनीने लावली, त्याने तीन वर्षे एका जाळ्यात बांधून राहावे, ही अपेक्षा फोल होती.

नोव्हेंबर २०२० मध्ये स्वदेशीच्या लाटेवर ‘इन’ या नावाने पुन्हा प्रयत्न झाला. केंद्राच्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेत मायक्रोमॅक्सच्या भगवती प्रॉडक्ट्स या कंपनीची निवडही झाली. परंतु गेलेला ग्राहक परतला नाही. विक्रीनंतर दुरुस्तीची सेवा दुबळी, हा लौकिक तिला आधीच चिकटला होता, आणि हजारो रुपये मोजणारा माणूस देशाभिमानाआधी दुरुस्तीचे दुकान कोठे आहे ते पाहतो.

या कैफियतीचा निकाल कठोर असला तरी गैरवाजवी नाही. बिनविजेच्या गावाची गरज ओळखणे आणि दोन सिमांची युक्ती स्वस्त करणे हे या कंपनीचे पुण्य निःसंशय मोठे; परंतु रचना चिनी कारखान्याची आणि जाळे परक्या मालकाचे असता निर्मात्याच्या हाती स्वतःचे असे एकच उरते, ते म्हणजे विक्रीनंतर ग्राहकाशी राखलेले इमान. मायक्रोमॅक्सने ते वेळीच जोपासले नाही, आणि म्हणून संकटकाळी तिच्या बाजूने उभा राहील असा ग्राहक तिला ना दिल्लीत सापडला, ना भोपाळात.